अपेक्षांची दुसरी ओळ

लग्नाचा बायोडाटा कसा लिहू नये हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं खुशाल घाटनांदूरला माझ्याकडं यावं. चहा मिळेल, वर दोन बोलणीही खायला मिळतील. गेली अकरा वर्षं मी आमच्या वधू-वर मंडळाची वार्षिक सूची तयार करते आहे. या अकरा वर्षांत काय काय वाचलं म्हणता! कुणी मुलीच्या नावाआधी बोअरला किती पाणी आहे ते लिहितं. कुणी उंचीच्या जागी ‘वडिलांवर गेला आहे’ असं लिहितं. एका गृहस्थांनी चौदा मामांची गावं सविस्तर लिहिली आणि मुलाचं शिक्षण लिहायचं विसरले. फोन करून विचारलं, तर म्हणाले, “बाई, मामा बघूनच लोक समजतेत की.”

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा, अशी संपादकांनी गळ घातली. वर बजावलं, की कधी लागलात, कधी सुटलात ते नको, किस्से द्या. किस्से पोतंभर आहेत. पण एक गोष्ट दडवून बाकीचे सांगितले, तर ती लबाडी होईल. माझ्या एका चुकीपायी धर्मापुरीच्या कविताचं लग्न भलत्याच घरी जाऊन पडणार होतं. ती चूक कळायला माझं काम कळावं लागेल. म्हणून आधी कामाचं सांगते, जरा धीर धरा.

मी मूळची टायपिंगवाली बाई. पत्र्याची खोली, तीन मशीन आणि माझ्या हातात लाकडी पट्टी, एवढ्यावर तीस वर्षं क्लास चालवला. टाईपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते. घंटी वाजली, की हातातला शब्द पुरा करायचा, दांडी ओढायची आणि नव्या ओळीला लागायचं. दांडी ओढायला जो विसरेल, त्याच्या बोटांवर पट्टी. मारकुटी होते मी, कबूल आहे. पण माझ्या पोरांचा कागद असा निघायचा, की समास फूटपट्टीनं मोजून घ्यावा.

पुढं मशीन गेली आणि पंचावन्नाव्या वर्षी मी कॉम्प्युटर शिकले. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब दारात उभे. गावच्या राजकारणात मुरलेला माणूस, नाही ऐकायची सवय नाही. “बाई, लोक आता फोनवरच बायोडाटा पाठवायलेत. त्याचं पुस्तक करायचं. तुमीच करायचं,” असं म्हणून पेनड्राईव्ह टेबलावर ठेवून गेले. उघडून बघते, तर तीनशेसाठ मेसेज. एकेकात वीस-पंचवीस ओळी. त्यातून नाव, उंची, शिक्षण, शेती, व्यसन, मामाकुळ, अपेक्षा, संपर्क एवढं वेचून तक्त्यात भरायचं. पहिल्या वर्षी हातानं भरलं. तीन महिने गेले, चष्म्याचा नंबर वाढला आणि दोन नवरदेवांचे मामा एकमेकांना लागले. ते प्रकरण बसता बसता दोन घरांचं बोलणं बंद झालं.

दुसऱ्या वर्षी मी हट्टाला पेटले. कॉम्प्युटरला नमुना सांगून मजकूर शोधायची एक विद्या आहे, तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. एक जाड इंग्रजी पुस्तक आणि मांडीवर डिक्शनरी घेऊन मी ती शिकले. भिऊ नका, गोष्ट सोपी आहे. आपण शोधताना एखादा शब्द शोधतो. इथं शब्दाऐवजी त्याचा आकार सांगायचा. म्हणजे असं : आधी ‘उंची’ हा शब्द, मग दोन टिंबं, आणि त्यानंतर जे असेल ते. ‘जे असेल ते’ लिहायला दोनच खुणा लागतात, एक टिंब आणि एक चांदणी. टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर, आणि चांदणी म्हणजे कितीही वेळा. एवढं लिहून बटण दाबलं, की तीनशेसाठ जणांच्या उंच्या पापणी लवायच्या आत समोर. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा घरात एकटीच टाळ्या वाजवत बसले होते.

पण यातलं टिंब स्वभावानं घाबरट. ओळ संपली, की तिथंच थांबतं. पुढच्या ओळीत पाऊल टाकत नाही. उंचीला एक ओळ पुरते. पत्ता, नातेवाईक, अपेक्षा यांना दोन-चार ओळी लागतात. मग मी पुस्तकातून शोधून टिंबाला ओळ ओलांडायची परवानगी दिली. म्हटलं, ‘नाव’पासून ‘संपर्क’पर्यंत सगळ्या ओळी घेत जा, म्हणजे एकेक माणूस अख्खा मिळेल. बटण दाबलं. तीनशेसाठ मिळायला हवे होते, मिळाला एकच! नाव गेवराईच्या पहिल्या मुलाचं, फोन नंबर परळीच्या शेवटच्या मुलीचा, आणि मधले सगळे याच्या पोटात. अति तिथं माती. कारण चांदणी खादाड असते. ‘संपर्क’पर्यंत जा म्हटलं, की पहिल्या ‘संपर्क’पाशी ती थांबत नाही, सापडेल त्या शेवटच्यापर्यंत धावते. पंगतीत वाढप्याला हातानं ‘पुरे’ केलं नाही, तर तो वाढतच राहतो ना, तसं. तिच्यापुढं प्रश्नचिन्ह टाकलं, की तो ‘पुरे’चा हात होतो. मग ती कमीत कमी घेऊन थांबते.

हे मला चार दिवसांनी कळलं. पण तोवर माझा धसका वाढला होता. समजा, एखाद्यानं ‘संपर्क’ हा शब्दच लिहिला नाही, तर? तर माझा नमुना पुढच्या माणसाच्या घरात शिरणार आणि एकाच्या अपेक्षा दुसरीच्या नावावर छापल्या जाणार. लग्नाच्या कामात हे केवढ्याला पडेल! म्हणून मी अंग चोरलं. पत्ता तेवढा सगळ्या ओळींचा घेतला. बाकीच्या रकान्यांना एकच ओळ, त्यात अपेक्षाही आल्या. लोक फोनवर एका दमात लिहितात. पडद्यावर चार ओळी दिसल्या, तरी त्या फोननं आपल्या सोयीनं दुमडलेल्या असतात, आतून ती एकच लांब ओळ असते. नवी ओळ व्हायला एंटर दाबावं लागतं, आणि वाक्याच्या मधोमध एंटर कोण दाबतंय? असं मला वाटलं. दहा-वीस तपासून बघितले, सगळे बरोबर निघाले. मी निर्धास्त झाले.

आता भानुदासचं सांगते. भानुदास धर्मापुरीचा, माझ्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. मी पंचविशीची होते, तो एकोणीसचा. पुढं कारकून झाला, निवृत्तही झाला. अजून माझ्यासमोर खुर्चीत टेकून बसत नाही. त्याची मुलगी कविता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. हुशार, कामाला वाघ, बोलायला फटकळ. तीन वर्षं तिचं नाव सूचीत होतं आणि जमत काही नव्हतं. भानुदास दर महिन्याला बाजाराच्या दिवशी यायचा, टोपी मांडीवर ठेवायचा आणि विचारायचा, “बाई, यंदा काय हाय का?”

स्थळं येत होती, पण सगळी पुण्याची. फ्लॅटवाली. येऊन पोहे खायची, मुलगी नोकरी सोडणार का विचारायची आणि कविता नाही म्हणायची. जवळपासचं एक स्थळ येत नव्हतं. उलट मंडळात कुजबुज होती, की नर्स हाय, पण लई हवेत हाय. तिच्या नावापुढं ‘पुण्यात फ्लॅट, कायम नोकरी, एकुलता एक मुलगा’ अशी अपेक्षा मीच छापत होते. मलाही वाटायचं, पोरीनं जरा खाली यावं. एकदा भानुदासला तसं बोलूनही दाखवलं. त्यानं मान खाली घातली.

गेल्या वर्षी त्यानं फोन केला. आवाज थकलेला. “बाई, पुण्याचं एक ठरवलं बगा. येत्या गुरुवारी साखरपुडा. पोरगी तयार न्हाई, पण तिशी आली तिची. नोकरी सोडंल. होईल सवय.” मी अभिनंदन केलं. घासातला खडा गिळावा तसं वाटलं, पण केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कविता ड्यूटीवरून सरळ माझ्या दारात. स्कूटी लावली, अंगावर दवाखान्याचाच पोशाख, हातात आमची सूची.

“बाई, मी भांडायला आले.”

“ये. आधी पाणी पी.”

“पाणी नको. हे कावून असं छापलं, ते सांगा. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरनं आज दाखवलं. सगळ्या मला फ्लॅटवाली म्हणून हसायल्यात.”

“तूच लिहिलंस ना हे?”

“लिवलंतं. पण एवढंच न्हाई लिवलंतं.”

मी जुने मेसेज ठेवते. तिच्यासमोरच तिचा मूळ बायोडाटा काढला. त्यात लिहिलं होतं :

अपेक्षा :- पुण्यात फ्लॅट, कायम नोकरी, एकुलता एक मुलगा
असलं काहीही नको. इथंच राहणारा, शेती करणारा चालेल.
माझी नोकरी सोडायला सांगू नये. रात्रपाळी असते,
तिला हरकत घेऊ नये.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. पहिल्या ओळीला माझं टिंब थांबलं होतं. पोरीनं जे नको म्हणून लिहिलं, नेमकं तेच मी तिला हवंय म्हणून तीन वर्षं गावोगाव वाटत होते.

“हे टाईप कुणी केलं गं?”

“अण्णांनी,” ती म्हणाली, म्हणजे भानुदासनं. “मी सांगितलं, त्यांनी तालुक्याला कॉम्प्युटरवर बसून केलं.”

मग मला ओळी दिसल्या. सगळ्या जवळपास एका लांबीच्या, मापात तुटलेल्या. घंटी वाजल्यासारख्या! आता कुठली घंटी आणि कुठली दांडी, पण भानुदासच्या कानात ती चाळीस वर्षं वाजत होती. समास आला, की त्याचं बोट आपोआप एंटरवर जाणार. तसं न केलं तर पट्टी बसेल, हे त्याला मीच शिकवलं होतं. म्हणजे वाक्याच्या मधोमध एंटर दाबणारी माणसं अख्ख्या जिल्ह्यात होती, ती फक्त माझे विद्यार्थी. आणि नमुना असा केला मी, की फटका नेमका त्यांनाच बसावा. मला हसूही आलं आणि रडूही आलं. कविता बघतच राहिली.

त्याच संध्याकाळी नमुना सुधारला. ‘अपेक्षा’पासून ओळी ओलांडत जा, पण कमीत कमी घे. आणि पुढं नुसतं डोकावून बघ. नवा रकाना दिसला किंवा मेसेज संपला, की थांब, त्याला हात लावू नको. असं नुसतं डोकावायला सांगायचीही खूण असते. इतकी साधी गोष्ट. भिऊन अंग चोरलं नसतं, तर पहिल्याच खेपेला केली असती.

तसाच नमुना बाकीच्या रकान्यांनाही केला आणि सगळ्या वर्षांच्या जुन्या मेसेजवरून फिरवला. अर्धवट छापलेले एकोणीस जण निघाले, सगळे माझ्या विद्यार्थ्यांच्या घरचे. एकाची ‘सहा एकर बागायत विकून पुण्याला जाण्याचा विचार’ अशी ओळ होती आणि खाली ‘अजिबात नाही’. गेवराईच्या एका मुलाला तर मी ‘व्यसन :- दारू, तंबाखू, गुटखा, विडी’ असं छापलं होतं. दुसरी ओळ होती ‘यांपैकी कशाचंही नाही’. त्याचं लग्न मात्र त्याच वर्षी झालं होतं. माफी मागायला फोन केला, तर तो घाईघाईनं म्हणाला, “बाई, आता सासऱ्याला सांगू नका. एवढं खरं बोलणारं पोरगं बघितलं न्हाई म्हणून त्यांनी पोरगी दिली. लग्नानंतर मी सगळं सोडलं म्हणून दर सणाला कौतुक करतेत.”

कविताचं मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं. भानुदासला फोन लावला. म्हटलं, “चूक माझी आहे. गुरुवारचा कार्यक्रम थांबव. पाहुण्यांना माझं नाव सांग.”

“बाई, हॉल घेतलाय त्यांनी. शब्द दिलाय मी. अन् तुमची चूक मी कुणाला सांगू? ते न्हाई जमायचं.” फोन ठेवला. माझ्या मानापायी तो अडून बसला, असं मला वाटलं.

रविवारी अंबाजोगाईला मंडळाचा परिचय मेळावा होता. मी आप्पासाहेबांकडं गेले. म्हटलं, मला दहा मिनिटं माईक पाहिजे. कशाला ते सांगितल्यावर ते उडालेच. “बाई, मंडळाची अब्रू जाईल! पुढच्या सूचीत गुपचूप दुरुस्त करा की.”

“पुढच्या सूचीपर्यंत ती पोरगी नोकरी सोडून पुण्यात बसलेली असेल.”

“अवो, पण चारचौघात कावून?”

“चूक चारचौघांत छापली म्हणून. माईक देत नसाल तर पुढची सूची तुम्हीच करा. पेनड्राईव्ह आणलाय.”

आप्पासाहेबांनी पेनड्राईव्हकडं बघितलं आणि माईक दिला.

मेळाव्याला हॉल भरलेला होता. आईबाप पुढं, मुलंमुली मागं, सगळ्यांच्या मांडीवर सूची. मी उभी राहिले. म्हटलं, “मी चुकले. एकोणीस जणांचं म्हणणं अर्धं छापलं. आज त्यांच्या परवानगीनं पुरं वाचते.” एकेक वाचत गेले. गेवराईच्या जावयानं परवानगी दिली नव्हती, म्हणून त्याचं वगळलं. सहा एकरवाल्याच्या ‘अजिबात नाही’ला हॉल खदखदून हसला. कविताचं शेवटी ठेवलं होतं. चारही ओळी सावकाश वाचल्या आणि म्हटलं, “या पोरीची तीन वर्षं माझ्यामुळं गेली. तिला हवेत आहे म्हणणाऱ्यांत मीही होते. मला माफ कर, कविता.” ती तिसऱ्या रांगेत बापाशेजारी ताठ बसली होती.

मी खाली उतरणार तेवढ्यात भानुदास उठला. सावकाश पायऱ्या चढून वर आला आणि माझ्या हातातून माईक घेतला. चाळीस वर्षांत त्यानं माझ्या हातातून काही घेतलेलं मला आठवत नाही.

“बाई, तुमी बसा,” तो म्हणाला. मग हॉलकडं वळला. “पुस्तक घरी आलं त्याच दिवशी मी बगितलंतं. अर्धंच छापलंय, हे मला तवाच कळलं. बाईंना सांगायला पायजेल होतं. पण मला वाटलं, असू दे. पुण्याचं स्थळ आलं तर पोरीचं कल्याणच हाय. पुस्तक घरात ठेवलं, तिला दावलं न्हाई अन् तीन वर्षं गप बसलो.” त्यानं टोपी काढून हातात घेतली. “बाईंच्या मशीनला दुसरी ओळ दिसली न्हाई. मला दिसलती.”

“गुरुवारचं मी आजच मोडतो,” तो म्हणाला, “माझ्या तोंडानं मोडतो.” आणि तिथंच डोळे पुसायला लागला.

मग कविता उठली. वर आली, बापाला हाताला धरून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. माईक मात्र तिनं ठेवून घेतला. मला वाटलं, आता ही आम्हा दोघांना सर्वांसमोर झाडणार. मी मनाची तयारीही केली.

“माझं सगळं आता वाचून झालंय,” ती म्हणाली. “इथंच राहणारं, शेती करणारं कोण कोण हाय?”

आधी हशा झाला. मग शिट्टी. मग तीन पोरं उभी राहिली. चौथ्याला त्याच्या आईनं कोपरानं ढोसून उभं केलं. घाटनांदूर शिवारातलाच पोरगा, कानापर्यंत लाल झालेला.

“महिन्यातनं दहा दिवस रात्रपाळी असते,” कवितानं विचारलं. “हरकत?”

पहिला म्हणाला, घरी विचारून सांगतो. दुसरा म्हणाला, लग्नानंतर दिवसपाळी मागून घेता येईल की. तिसरा म्हणाला, मला काही नाही, पण आईला जरा.

चौथा खाली बघत होता. आईनं पुन्हा ढोसलं, तेव्हा त्यानं मान वर केली.

“दवाखान्यात सोडायला किती वाजता यायचं?”

“साडेसातला,” कविता माईकवरच म्हणाली. “अन् उशीर चालत न्हाई.”